फॉरमॅट मारण्याआधी जरा थांबा
विंडोज सुरू होत नाही म्हणून लगेच फॉरमॅट मारणं मला पटत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकणं. विंडोज, डिस्क, डेटा सगळं शाबूत होतं. म्हणून आधी घोडं कुठे अडलंय ते बघा: बायॉसमध्ये डिस्क दिसते का? दिसत असेल, तर रिकव्हरीतून स्टार्टअप रिपेअर करा किंवा शेवटचं अपडेट काढा. ‘शोधत कोण बसणार, फॉरमॅट तासाभरात होतं’ असं म्हणतात. पण डिस्कच खराब होत आली असेल तर फॉरमॅटने ती सुधारत नाही, फोटो मात्र जातात. आणि हो, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा.