विश्लेषण : चार कामगारांच्या शेडलाही जोखीम तपासणी का हवी?

शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे ३१ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांचा जीव गेला. देशभर बातमी झाली, गुन्हा दाखल झाला, चौकशी लागली. याच पट्ट्यातील भात गिरणीच्या पट्ट्यात कुणाचा हात गेला किंवा ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये डिस्क फुटून डोळा गेला, तर त्याची बातमी क्वचितच होते. शहापूर-मुरबाडमधील बरेच रोजगार मात्र अशाच जागी आहेत : गिरण्या, वीटभट्ट्या, गॅरेज, फॅब्रिकेशनची दुकाने, खडी क्रशर.

धोका आणि जोखीम यांत फरक काय?

ग्राइंडर हा धोका आहे. त्याचे गार्ड काढलेले असेल, डिस्कची मुदत संपलेली असेल आणि चालवणाऱ्याकडे चष्मा नसेल, तर ती जोखीम. धोका पूर्ण संपवता येतोच असे नाही, जोखीम मात्र कमी करता येते. आपल्या जागेत कुणाला, कशामुळे, किती इजा होऊ शकते आणि ती टाळण्यासाठी आधी काय करायचे, हे पाहून लिहून ठेवणे म्हणजे जोखीम तपासणी. तिला सल्लागार लागतोच असे नाही. वही, पेन आणि कामगारांसोबत शेडमध्ये मारलेली एक फेरी एवढ्यावर सुरुवात होते.

कामगाराला सोबत घ्यायचे, कारण गार्ड का काढले हे त्यालाच ठाऊक असते. कोपऱ्यात कापताना ते आडवे येते, असे तो सांगेल. त्यावर ‘गार्ड लावत जा’ म्हणून काही होत नाही. काम करण्याची पद्धत किंवा यंत्र बदलावे लागते.

कायदा लहान मालकाला लागू आहे का?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामाची जागा इजा किंवा आजार होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवणे हे तिच्यानुसार मालकाचे कर्तव्य आहे. साधारणपणे १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापना तिच्या कक्षेत येतात. धोकादायक कामे असतील, तर त्याहून लहान जागाही अधिसूचना काढून कक्षेत आणता येतात.

मग चार कामगारांच्या मालकाने निश्चिंत राहावे का? इथेच गफलत होते. नुकसानभरपाईचा कायदा वेगळा आहे आणि विजेवर यंत्रे चालणाऱ्या कारखानावजा जागेत १०ची अट आडवी येत नाही. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वय ३०, वेतन १५ हजार रुपये धरले, तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे साधारण १५ लाख ६० हजार रुपये. कामगाराला राज्य विमा योजनेचे (ईएसआय) संरक्षण असेल, तर हा भार ती योजना उचलते. ते नसेल आणि मालकाने विमाही काढलेला नसेल, तर रक्कम त्यालाच भरावी लागते. मुरबाडच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपची सगळी यंत्रसामग्री विकूनही एवढे पैसे उभे राहतील का, हे मालकाने स्वतःच जोखून पाहावे.

वहीत लिहायचे काय?

समजा, भात गिरणी आहे. मोटरपासून गिरणीपर्यंत उघडा पट्टा फिरतो आणि भात घेऊन आलेली बाई पदर सावरत शेजारीच उभी राहते. ती कामगार नाही, तरी इजा तिला होऊ शकते. म्हणून ‘कुणाला’ या रकान्यात ग्राहक आणि मालकाची शेडमध्ये खेळणारी मुलेही यायला हवीत. उपायांचा क्रम ठरलेला असतो : धोका काढून टाकणे, ते शक्य नसेल तर कमी धोक्याची वस्तू वापरणे, मग जाळी किंवा गार्ड, मग कामाचे नियम आणि सगळ्यात शेवटी हातमोजे-हेल्मेट. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. आधी हेल्मेट वाटले जाते, पट्टा उघडाच राहतो. शक्यता आणि गांभीर्य यांना १ ते ५ गुण देऊन गुणाकार करण्याची पद्धतही आहे. पहिल्यांदा कशाला हात घालायचा हे ठरवायला ती बरी, पण आकड्यांत रमण्याची गरज नाही.

वीज हा इथला मोठा मुद्दा. मुसळधार पावसात शेडमध्ये पाणी शिरते, वेल्डिंगची सोललेली केबल त्याच ओलीत पडलेली असते. गळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलीअॅम्पियरचे आरसीसीबी बसवणे हा त्यातला सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय. त्याचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहावे. विहिरीत किंवा टाकीत उतरण्याचे काम असेल, तर नियम एकच : आत डिझेल पंप चालवायचा नाही आणि हवा तपासल्याशिवाय उतरायचे नाही. आत बेशुद्ध पडलेल्याला वाचवायला दुसऱ्याने तसेच उडी मारणे हेही अशा मृत्यूंचे नेहमीचे कारण आहे.

तपासणी पुन्हा कधी?

नवे यंत्र आले, कामगार बदलला किंवा थोडक्यात निभावले, तर लगेच. शिवाय मेअखेर, पावसाआधी एकदा. आणि वहीच्या पहिल्या पानावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहावा. मुरबाडला रेल्वे नाही. गंभीर जखमीला पुढे कल्याणकडे न्यायचे तर रस्त्यानेच न्यावे लागते. रक्त थांबवण्याचे साहित्य शेडमध्ये कुठे ठेवले आहे आणि ते वापरायला कोण शिकले आहे, याची नोंद याच पानावर हवी.