मुकं व्हाइस सिटी

सांगलीच्या आमच्या सायबर कॅफेत 'जीटीए व्हाइस सिटी' या गेमचा नायक टॉमी व्हर्सेटी गाडीत बसला की नुसती इंजिनाची घरघर. रेडिओ मुका. तो तसाच असतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

2003 मध्ये संगणकावर आलेला हा गेम दोन सीडींचा होता. चोरटी नक्कल करणारे त्यातली गाणी, संवाद काढून टाकत आणि उरलेलं दाबून 700 एमबीच्या एका सीडीत बसवत. याला 'रिप' म्हणत. आवाजच सर्वांत जास्त जागा खातो, म्हणून पहिली कात्री त्यालाच. सीडी टाकली की काळ्या खिडकीत फायलींची नावं सरसर वर जायची. मग पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची आणि माझा दादा खालची इंग्रजी अक्षरं वाचून टॉमीला घोगरा आवाज द्यायचा. आम्ही सगळे त्याच्या खुर्चीमागे दाटीनं उभे!

नोकरी लागल्यावर मी पूर्ण गेम विकत घेतला. टॉमी बोलला तो रे लिओटाच्या आवाजात. काय सुंदर काम केलंय त्या नटानं! पण परवान्यांच्या मुदती संपल्यामुळे नंतरच्या आवृत्त्यांतून काही गाणी वगळली गेली आहेत. ती ऐकायची म्हणून मी सध्या मूळ सीडींचा संच शोधतोय.