वाळून पुन्हा हिरवी होणारी रामोंडा

सर्बियातल्या निश शहराजवळ सिचेवो आणि येलाश्नित्सा या चुनखडीच्या दोन घळी आहेत. तिथल्या उत्तराभिमुख, सावलीतल्या ओलसर कपारींत रामोंडाच्या दोन प्रजाती शेजारी शेजारी नांदतात : रामोंडा सर्बिका आणि रामोंडा नाताली. दोन्ही बहुवर्षायू आणि जेमतेम वीतभर उंचीच्या. खडकाला चिकटलेला पानांचा गुच्छ, त्यातून वर आलेला बिनपानाचा दांडा आणि त्यावर वसंतात उमलणारी मोजकीच जांभळट फुलं.

या दोघींत गल्लत होणं साहजिक आहे. नातालीला बहुधा चार पाकळ्या असतात, सर्बिकाला पाच. पण ‘बहुधा’वर विसंबून चालत नाही. म्हणून फूल न खुडता डोळा फुलाजवळ न्यावा आणि परागकोश पाहावेत. पिवळे असतील तर नाताली, गर्द निळसर-जांभळे असतील तर सर्बिका. फुलांचा हंगाम सरला की पानं कामी येतात. नातालीची पानं गोलसर, तकतकीत असतात आणि त्यांच्या कडा फारशा कापलेल्या नसतात. सर्बिकाची पानं देठाकडे निमुळती होत जातात आणि कडांना खोल, वेडेवाकडे दाते असतात.

सर्बिकाचं वर्णन योसिफ पांचिच या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७४ मध्ये केलं. दुसरी प्रजाती राजवैद्य साव्हा पेत्रोविच यांना १८८४ मध्ये निशजवळ सापडली आणि तिला नाताली राणीचं नाव मिळालं. पहिल्या महायुद्धाच्या स्मृतिदिनी, ११ नोव्हेंबरला, सर्बियात लोक तिच्याच फुलाचं चिन्ह छातीवर लावतात.

हा मान तिला उगीच मिळालेला नाही. उन्हाळ्यात कपार कोरडी पडली की पानांतलं जवळजवळ सगळं पाणी निघून जातं. पानं आत वळतात, खालची तांबूस लव बाहेर येते आणि बाहेरच्या जून पानांच्या आड कोवळी पानं झाकली जातात. रोप चहाच्या पत्तीसारखं चुरगळलेलं दिसतं. कुणीही ते मेलं म्हणेल. पण पेशींत साखर आणि संरक्षक प्रथिनं साठलेली असतात, हरितद्रव्यही बरंचसं टिकून असतं. पाऊस पडला की एक-दोन दिवसांत पानं पुन्हा पसरतात. सुकणं सोसण्याची ही ताकद बियांमध्ये नेहमीची. फुलझाडाच्या हिरव्या पानांत ती फार दुर्मीळ.

आपल्या गॅलरीतल्या कुंडीत दिसणारी आफ्रिकन व्हायोलेट याच कुळातली. हे कुळ मुख्यतः उष्ण प्रदेशांतलं. युरोपात त्याच्या जेमतेम पाच प्रजाती उरल्या आहेत, त्याही डोंगराळ भागांत. हिमयुगांच्या कडाक्यातून त्या अशाच आडोशाच्या घळींमुळे तगल्या असं मानलं जातं.

निशजवळ मात्र ओळखीचा पेच आणखी वाढतो, कारण तिथे दोघींचा संकर होतो. नातालीची गुणसूत्रं ४८, सर्बिकाची १४४. संकरित रोपांत दोघींच्या खुणा मिसळलेल्या असतात आणि खात्री करायची तर रोप प्रयोगशाळेत तपासावं लागतं.