थांबा, चिपळूण यायचंय!

रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या घरातून एक चमत्कारिक संवाद ऐकू येतो. ‘चिपळूण गेलं वाटतं!’ ‘गेलं नाही, आहे, पण हलत नाही.’ ‘बंगळूरला विचार.’ ‘बंगळूर म्हणतंय, माझं सगळं ठीक आहे.’ ‘मग न्यू जर्सी?’ शेजारी नव्याने राहायला आलेल्या आजोबांची बरेच दिवस अशी समजूत होती, की मी एस.टी.च्या नियंत्रण कक्षात कामाला आहे आणि रविवारचेही काम घरी आणतो. वस्तुस्थिती त्याहून बरीच लाजिरवाणी आहे. पंचेचाळिशीला टेकलेले चार गृहस्थ त्या वेळी आपापल्या संगणकापुढे बसून मध्ययुगातली लढाई खेळत असतात. मी पुण्यात, एक बंगळूरला, एक न्यू जर्सीत (तिथे तेव्हा शनिवारी रात्रीचे दहा, हिवाळ्यात नऊ) आणि चौथा चिपळूणला. एकमेकांना आम्ही हल्ली गावाच्याच नावाने हाक मारतो.

खेळाचे नाव ‘एज ऑफ एम्पायर्स’. अमेरिकेतल्या डॅलस येथील ‘एन्सेम्बल स्टुडिओज’ने त्याचा पहिला भाग १९९७ साली काढला आणि आम्ही खेळतो तो दुसरा भाग १९९९ साली. लढाईचा खेळ म्हटला, की नुसती ढिशुम-ढिशुम असणार, अशी कल्पना होते. पण इथे सुरुवातीला हाती येतात तीन-चार गावकरी. त्यांना कामाला लावायचे, लाकूड तोडायचे, शेती करायची, मेंढरे हाकत आणायची, सोने आणि दगड खणायचा, घरे बांधायची. एवढा संसार मांडून झाला, की मग सैन्य. ज्याला घर चालवता येत नाही त्याला राज्य चालवता येत नाही, हे तत्त्व या खेळाने जितके निर्दयपणे शिकवले तितके आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने काही शिकवले नाही.

आम्ही तो शिकलो २००० साली, वसतिगृहात. चार खोल्यांतले चार संगणक एका तारेने जोडलेले होते आणि ती तार व्हरांड्यातून, चपलांच्या ढिगाऱ्यावरून गेलेली होती. त्या काळच्या त्या जोडणीचा गुण असा, की मधल्या एकाची पिन निघाली की सगळ्यांचाच खेळ बंद पडे. कुणी बादली घेऊन आंघोळीला निघाला आणि तारेत पाय अडकला, की चारही खोल्यांतून एकदम शिव्या ऐकू येत. मात्र दोष शोधायला दोन मिनिटे पुरत. तार डोळ्यांनी दिसत होती.

पुढे नोकऱ्या, लग्ने, गावे बदलणे. २०१९ च्या नोव्हेंबरात याच खेळाची नवी आवृत्ती आली आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदीने सगळ्यांना घरी बसवले. वीस वर्षांनी चौघे पुन्हा एका पटावर आले. फरक एवढाच, की आता मधली तार दिसत नव्हती.

तारेचे हे दुखणे नीट समजून घेतले, तेव्हा मला खेळ रचणाऱ्यांविषयी आदर वाटू लागला. पॉल बेटनर आणि मार्क टेरानो या दोघांनी २००१ साली एक लेख लिहून आपल्या कामाचे मर्म सांगितले. त्याच्या शीर्षकाचा अर्थच असा, की २८.८च्या मोडेमवर पंधराशे तिरंदाज! टेलिफोनच्या तारेवरून किंकाळ्या मारत जोडले जाणारे ते मोडेम ज्यांनी वापरले आहे, त्यांना या शीर्षकातला उद्दामपणा कळेल. प्रत्येक शिपाई कुठे उभा आहे, कुठे चालला आहे, जखमी आहे की धडधाकट, हे सारे तारेवरून पाठवायचे म्हटले, तर त्यांच्या हिशेबाप्रमाणे जेमतेम अडीचशे हलती माणसे पटावर मावली असती.

मग त्यांनी काय केले? तारेवरून सैन्य पाठवलेच नाही. पाठवले फक्त हुकूम. ‘या तिरंदाजांनी त्या टेकडीवर जावे,’ एवढेच चौघांच्या संगणकांना कळवायचे आणि पुढची सगळी लढाई प्रत्येक संगणकाने स्वतंत्रपणे, पण तंतोतंत सारखीच, आपल्याशी लढायची. म्हणजे पट एक नाहीच. चार पट आहेत आणि चारही हुबेहूब सारखे आहेत या विश्वासावर खेळ चालतो. काळाचे साधारण पाव-पाव सेकंदाहून लहान तुकडे पाडायचे. एका तुकड्यात दिलेला हुकूम दोन तुकडे सोडून अमलात आणायचा, म्हणजे मधल्या वेळात तो सगळ्यांपर्यंत पोचलेला असतो. सगळ्यांचे हुकूम हाती आल्याशिवाय कोणताही पट पुढे सरकत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे चारही पट केसभरसुद्धा वेगळे होऊन चालत नाही. त्या लेखात एका हरणाचा किस्सा आहे. नकाशा तयार होताना एका संगणकावर हरीण तसूभर बाजूला उभे राहिले, की ते चरायला किंचित वेगळ्या बाजूला जाते. काही मिनिटांनी शिकाऱ्याची वाट थोडी बदलते, भाला चुकतो आणि त्या पटावरचा शिकारी मांसाशिवाय घरी परततो. एका पटावर मांस, दुसऱ्या पटावर उपास! संगणकाला हा फरक कळला, की खेळ तिथेच संपतो.

दुसरी गोष्ट आमच्या जिव्हाळ्याची. सगळ्यांचे हुकूम आल्याशिवाय पुढे जायचे नाही, म्हणजे ज्याची तार सर्वांत मंद, त्याच्या चालीने चौघांनी चालायचे. न्यू जर्सीकराने घरी कितीही वेगाचे इंटरनेट घेतले, तरी त्याचा घोडेस्वार चिपळूणच्या वेगानेच दौडणार. मुळात इथे लागते ते जाडजूड जोडणी नव्हे, हुकमाला पोचायला लागणारा वेळ महत्त्वाचा. आणि पैसे टाकून वेग विकत मिळतो, अंतर कमी होत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पुण्याहून न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे नुसते जाऊन यायला सव्वाशे मिलिसेकंद हवेतच, आणि समुद्रतळाच्या केबली काही सरळ रेषेत जात नाहीत. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ अशा दोन केबली निकामी झाल्या आणि इकडे भारतातल्या कचेऱ्यांतले इंटरनेट रांगू लागले होते.

त्या लेखातली सर्वांत शहाणपणाची नोंद मात्र माणसांविषयी आहे. हुकूम अमलात यायला पाव सेकंद लागला, तर खेळणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही; अर्ध्या सेकंदापर्यंतही तो निभावून नेतो. विलंब कायम सारखा असेल तर हाताला त्याची सवय होते. सहन होत नाही तो लहरीपणा, म्हणजे आत्ता झटकन आणि मग एकदम ठप्प. म्हणून रचणाऱ्यांनी खेळ मुद्दाम थोडा संथ, पण एकसारखा ठेवला.

चिपळूणची तार नेमकी लहरी होती. खांबाखांबांवरून, आंब्याच्या फांद्यांतून ती घरापर्यंत येई. माकडाने उडी मारली तरी आमची लढाई थबके. आम्ही सगळे उपाय केले. बिनतारी जोडणी काढून यंत्राला थेट तार लावायला सांगितली, घरातले दूरदर्शन संच बंद करवले, मोबाइल गच्चीवर ठेवून त्यावरून जोडून पाहिले. नकाशा लहान घेतला. बोलणे खेळातून न करता वेगळ्या फोनवर सुरू केले. थोडा फरक पडे आणि पहिला पाऊस आला, की पुन्हा तेच.

२०२१ च्या जूनमध्ये एका रविवारी खेळ सात वेळा थांबला. न्यू जर्सीकर वैतागून म्हणाला, ‘आठवडाभर राबून हे दोन तास मिळतात, तेही वाट बघण्यात जातात. चौथा दुसरा घेऊ. याची लाइन सुधारली की येईल हा.’ त्याचे चुकले असे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाटले नाही. गंमत म्हणजे सर्वांत आधी होकार दिला तो चिपळूणकरानेच. ‘खेळा रे तुम्ही. माझ्यामुळे खोळंबा नको,’ तो म्हणाला. वडिलांच्या पश्चात दुकान आणि आई सांभाळायला चांगली नोकरी सोडून गावी परतलेला हा माणूस. स्वतःला बाजूला करण्याची त्याला सवय झालेली होती. आम्ही मात्र ती सोयीस्करपणे वापरली.

पुढचे चार रविवार खेळ लोण्यासारखा चालला. चौथ्या जागी संगणकालाच बसवले. कुठे अडखळणे नाही, थांबणे नाही. दोन तासांत तीन-तीन लढाया होत. आणि चौथ्या रविवारी बंगळूरकर म्हणाला, ‘आपण आज दोन तासांत एकमेकांशी काही बोललो का रे?’ तेव्हा उमगले, की आमच्या गप्पा होत त्या खेळ थांबल्यावर. चिपळूण परत येईपर्यंतच्या त्या सात-आठ मिनिटांतच कुणाच्या मुलाची शाळा, कुणाच्या सासऱ्यांचे ऑपरेशन, कुणाची जाऊ घातलेली नोकरी, हे सगळे निघे. खेळाच्या ओघात फक्त ‘घोडे पाठव’ आणि ‘सोनं दे’ एवढेच बोलणे होई.

तरीही आम्ही त्याला फोन केला नाही. पुढच्या आठवड्यात करू, असे म्हणालो.

२२ जुलै २०२१. त्या गुरुवारी पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. दूरचित्रवाणीवर बाजारपेठ दिसत होती. पहिल्या मजल्याला टेकलेले पाणी दिसत होते. त्याचे दुकान बाजारातच. फोन लावला, तर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. वीज नव्हती, मोबाइलचे मनोरे बंद होते. रविवारी, २५ तारखेला, सकाळी साडेसातला तिघेही सवयीने आपापल्या संगणकापुढे येऊन बसलो. पडद्यावर चौथी जागा रिकामी होती. ती संगणकाला द्यायला एक कळ दाबावी लागते. ती कुणी दाबली नाही. खेळ सुरूच केला नाही. तास-दीड तास तिघे नुसते बसून होतो. न्यू जर्सीकर त्याच्या मध्यरात्रीपर्यंत जागा होता. उठताना तो एवढेच म्हणाला, ‘याची लाइन आज मी कितीही वेळ थांबायला तयार आहे रे.’

मंगळवारी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. दोघे सुखरूप होते. आईला घेऊन तो वरच्या मजल्यावर राहिला होता. दुकान मात्र गेले. मालाचा चिखल झाला होता, आणि मागच्या खोलीतला संगणकही त्याच चिखलात होता. मी काहीतरी मदतीचे बोलू लागलो, तर म्हणाला, ‘ते बघू. आधी सांग, रविवारी कोण जिंकलं?’ मला उत्तर देता येईना. शेवटी म्हणालो, ‘खेळलोच नाही. तू नव्हतास ना.’ पलीकडे बराच वेळ शांतता होती. तार तुटली म्हणून होती की काय, हे मी विचारले नाही.

दिवाळीनंतर तो परत आला. दुकान अर्धे उभे राहिले होते आणि बंगळूरकराने आपला जुना संगणक एस.टी.च्या पार्सलने पाठवला होता. पहिल्या रविवारी अकराव्या मिनिटाला खेळ थांबला. ‘तुम्ही चालू द्या...’ असे त्याने म्हणायला सुरुवात केली, तेव्हा न्यू जर्सीकराने त्याला आमच्या वसतिगृहातल्या भाषेत असे काही ऐकवले, की ते इथे छापता येणार नाही.

आता आमचा एकच नियम आहे. चौघे आल्याशिवाय सुरू करायचे नाही आणि कुणी मध्येच तुटला, तर खेळ जतन करून ठेवायचा. याच रविवारी नाही, तर पुढच्या रविवारी तिथूनच पुढे. काही लढाया महिनाभर चालतात. चिपळूणची तार पूर्वीपेक्षा बरी आहे, पण पावसाळ्यात तिचा काही भरवसा नाही. गेल्या रविवारी पुन्हा सगळे थबकले. माझे घोडेस्वार अर्ध्या उडीत, शत्रूचे बाण हवेत. मुलगी खांद्यावरून डोकावत म्हणाली, ‘बाबा, हँग झालंय. बंद करून परत चालू करा.’

‘हँग नाही झालं,’ मी म्हणालो. ‘चिपळूण यायचंय.’

आणि कानाला लावलेल्या फोनवर न्यू जर्सी बंगळूरला विचारत होती, ‘बरं, तोवर सांग, काकूंचा गुडघा कसा आहे?’