धक्का समोर, तरी जहाज का लागत नाही?

रत्नागिरी-रायगडच्या आपल्या अनेक घरांतली मुलं जहाजावर नोकरीला आहेत. "आज पोर्टला लागलो की फोन करतो," असा मेसेज येतो आणि दिवसभर फोनच येत नाही. घरात अम्मीचा जीव टांगणीला. नंतर कळतं, वारा जास्त होता म्हणून कॅप्टनने ते बंदरच सोडून दिलं. एवढ्या मोठ्या जहाजाला वारा कसा काय अडवतो? समजून घेऊ या.

जहाज जितकं मोठं तितकं वाऱ्याला कमी भीतं, असं आपल्याला वाटतं. पण मोठं क्रूझ जहाज 300 मीटरहून लांब आणि पंधरा-वीस मजली इमारतीएवढं उंच असतं. पाण्याखाली मात्र ते जेमतेम 8-9 मीटर. आडवा वारा आला की ही सगळी भिंत शिडासारखी ढकलली जाते.

हिशेब पाहा. जहाजाची एक बाजू 12 हजार चौरस मीटर धरली, तर ताशी 36 किलोमीटरचा आडवा वारा तिला सुमारे 70 टन जोराने ढकलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे जवळपास 300 टन! बंदरातला एक दमदार टग साधारण 60-70 टन ओढतो.

त्यात धक्क्याजवळ वेग कमी ठेवावा लागतो, आणि वेग कमी झाला की सुकाणू नीट काम करत नाही. मग सगळी भिस्त जहाज आडवं सरकवणाऱ्या थ्रस्टरवर आणि टगवर. वारा त्यांच्या ताकदीपलीकडे गेला तर आत न शिरणंच शहाणपणाचं. लाटा उंच असल्या तर बंदराच्या पायलटला बोटीतून शिडीवर चढणंही धोक्याचं होतं.

बांधलेलं जहाजही सुटू शकतं. 27 ऑगस्ट 2023 रोजी स्पेनच्या पाल्मा बंदरात वादळात 'ब्रिटानिया' क्रूझचे दोर तुटले. जहाज वाहत जाऊन तेलवाहू जहाजावर आदळलं. काहींना किरकोळ दुखापत झाली, अल्लाहच्या कृपेने त्यावरच निभावलं.

डेकवर काम करणाऱ्या आपल्या मुलांना एक गोष्ट जरूर सांगा: ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा मागे येतो आणि जीवही घेऊ शकतो. त्याच्या रेषेत उभं राहू नका. आणि बंदर चुकलं, फोन उशिरा आला, तर घाबरू नका. कॅप्टनने धोका टाळलाय, एवढाच त्याचा अर्थ.