खोडकिड्याच्या अंड्यातच वाढतो शेतकऱ्याचा मित्र

निपाणी-चिकोडी पट्ट्यात वेदगंगा आणि दूधगंगेच्या पाण्यावर उसाचे मळे पोसले जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू उसाच्या कोवळ्या कोंबांचा मधला पोंगा वाळू लागतो. ओढला की सहज हातात येतो आणि त्याला कुजकट वास येतो. ही ‘पोंगामर’ दिसते तेव्हा खोडकिड्याची अळी कोंबाच्या आत सुरक्षित बसलेली असते. वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

या अळीला जन्मापूर्वीच गाठणारा कीटक म्हणजे ट्रायकोग्रामा. गांधीलमाशीच्या गणातला हा जीव जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा असून तो माणसाला चावत नाही. खोडकिड्याचा पतंग पानाच्या खालच्या बाजूला चपटी, पांढुरकी अंडी पुंजक्याने घालतो. ट्रायकोग्रामाची मादी ती शोधून काढते, त्यांवर फिरून स्पृशांनी आकार चाचपते, मग अंड्याला छिद्र पाडून आपले अंडे आत सोडते. अंडे मोठे असेल, तर एकाहून अधिक अंडीही घालते. आतली अळी खोडकिड्याच्या अंड्यातील बलक खाऊन वाढते. तीन-चार दिवसांत ते अंडे काळे पडते आणि साधारण आठ ते दहा दिवसांत त्यातून खोडकिड्याऐवजी नवा ट्रायकोग्रामा बाहेर येतो.

प्रयोगशाळेत तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर हे कीटक वाढवले जातात. ती अंडी चिकटवलेला कागद म्हणजे ट्रायकोकार्ड. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात. उसासाठी हेक्टरी सुमारे ५० हजार, म्हणजे एकरी साधारण एक कार्ड, आठ-दहा दिवसांच्या अंतराने अनेकदा लावावे लागते. हा कीटक फार दूर उडत नाही. म्हणून कार्डाच्या पट्ट्या कापून शेतभर, पानांच्या खालच्या बाजूला टाचतात. कडक ऊन टाळून सकाळी किंवा संध्याकाळी हे काम करणे हिताचे.

खरी कसोटी वेळेची आहे. खोडकिड्याची अंडी चार-सहा दिवसांत फुटतात आणि एकदा अळी बाहेर पडली, की ट्रायकोग्रामा तिचे काहीही करू शकत नाही. त्यामुळे पोंगे वाळलेले पाहून लावलेले कार्ड त्या अळ्यांसाठी वाया गेलेलेच असते. कार्डाच्या जोडीला कीटकनाशकही फवारले, तर कोंबातली अळी वाचते आणि उघड्यावर वावरणारा मित्रकीटक मात्र मरतो. पतंग दिसू लागताच कार्ड लावणे आणि त्या काळात फवारणीचा हात आवरणे, एवढे पथ्य पाळले तरच या इवल्या कीटकाचा उपयोग होतो.

गोव्यातील भातशेतीलाही हे ज्ञान परके नाही. भाताच्या खोडकिड्याची अंडी शोधणारी ट्रायकोग्रामा जापोनिकम ही याच कुळातली जात. तिलाही हाच नियम लागू आहे. अळी दिसण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या ती उपयोगी पडत नाही.