जुनं ठाणं नेमकं किती जुनं?

वर्तकनगरच्या माणसाला जुनं ठाणं म्हणजे स्टेशनची गर्दी, जांभळी नाक्याची खरेदी आणि तलावपाळीचा फेरफटका. तिथल्या रस्त्यांविषयी मात्र आपण छातीठोकपणे काहीही सांगतो.

सगळ्यात लाडका समज म्हणजे ठाणं रेल्वेमुळे वसलं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली, त्याच्या आठशे वर्षं आधी हे गाव उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होतं. शिलाहार राजा अरिकेसरीचा 1017 चा ताम्रपट इथेच सापडला. रेल्वेने उलट गाव कापलं. चेंदणी कोळीवाड्यातून रूळ गेले आणि एका वस्तीचे पूर्व-पश्चिम दोन भाग झाले. मीठबंदर पूर्वेला राहिलं.

सेंट्रल जेल इंग्रजांनी बांधलं, हेही तसंच. मुळात तो किल्ला. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये काम काढलं, 1737 मध्ये मराठ्यांनी तो घेतला, 1774 मध्ये इंग्रजांनी. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे 1816 मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटले ते याच तटाआडून.

‘वाडे पाडले, टॉवर आले, आता जुनं काय उरलं?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण त्यात रस्ता आणि इमारत यांची गल्लत आहे. भिंती पडतात, रस्त्याची रेघ सहसा हलत नाही, कारण दोन्ही बाजूंना कुणाची तरी मालकी असते. 1666 च्या आगीत जुन्या लंडनचा मोठा भाग खाक झाला. वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने सरळ, रुंद रस्त्यांचा आराखडा दिला. लोकांनी मात्र आपापल्या जागेवरच घरं बांधली आणि बहुतेक गल्ल्या जुन्याच वळणाने राहिल्या. आपल्याकडे वर्तकनगरात म्हाडाच्या इमारती जाऊन टॉवर येताहेत, तरी रस्ता आहे तिथेच आहे. जुन्या ठाण्यात ही रेघ चालून बघता येते. मासुंदा तलावाच्या काठी 1760 च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं कोपिनेश्वर मंदिर. तिथून टेंभी नाक्याकडे निघालं की थोड्या अंतरात सेंट जॉन चर्च, पारशांची अग्यारी आणि बेने इस्रायलींचं एकोणिसाव्या शतकातलं सिनेगॉग. कुठल्याही हेरिटेज वॉकचे पैसे न देता, रिक्षांचे हॉर्न ऐकत.

पाट्याही फसवतात. राम मारुती रोड हा राम आणि मारुती या देवांच्या नावाचा नव्हे. कल्याणला समाधी असलेल्या राम मारुती महाराजांच्या नावाचा आहे. आणि आपला पोखरण रोड? राजस्थानातल्या 1974 च्या अणुचाचणीशी त्याचा काडीचा संबंध नाही. ते नाव इथल्या पोखरण तलावावरून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या ठाण्याला नळाचं पाणी याच तलावातून मिळालं.